आपल्या नावावर दुसऱ्याचा अर्ज आला तर : ट्रेडमार्कला विरोध कसा दाखल करायचा

मी कोल्हापुरात लेबलं आणि पाउच छापतो. चटणी, काकवी, लोणचं, अगरबत्ती, चपलेचं खोकं, काहीही असो, नाव बाजारात जायच्या आधी माझ्या टेबलावर येतं. त्यामुळं नावांची भांडणंही माझ्याकडंच येतात. मी वकील नाही. पण गिऱ्हाइकांसोबत वकिलाकडं बसून, त्यांची जुनी बिलं शोधून, तारखा सांभाळून जे कळत गेलं ते पहिल्यांदा या भानगडीत पडणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

आधी एक हरलेली गोष्ट सांगतो. कसबा बावड्यातल्या एक मावशी कांदा-लसूण चटणी करतात. त्यांचं लेबल २००८ पासून आमच्याकडं छापलं जातं. बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं तेच नाव एक अक्षर बदलून ट्रेडमार्कसाठी टाकलं. अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला, चार महिने सगळ्यांसमोर उघडा होता, आणि आम्हांला कळलं तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. मावशींकडं अकरा वर्षांची बिलं होती. समोरच्यानं अर्जात लिहिलं होतं की नावाचा वापर अजून सुरू व्हायचाय. तरीही नोंदणी त्याची झाली, कारण विरोध करायचा तो आम्ही वेळेत केला नाही. ते नऊ दिवस मी अजून विसरलेलो नाही. या लेखात तारखांबद्दल मी पुन्हा पुन्हा बोलतो आहे ते त्यामुळंच.

विरोध नक्की कुठल्या टप्प्यावर होतो

ट्रेडमार्कचा अर्ज भरला की लगेच नोंदणी होत नाही. ट्रेडमार्क रजिस्ट्रीतला, म्हणजे नोंदणीच्या सरकारी कार्यालयातला, परीक्षक आधी अर्ज तपासतो. त्याला काही खटकलं तर तो हरकत काढतो आणि अर्जदाराला उत्तर द्यायला लावतो. ऑनलाइन स्टेटसमध्ये दिसणारा 'ऑब्जेक्टेड' हा शब्द या हरकतीसाठी असतो. ती रजिस्ट्री आणि अर्जदार यांच्यातली बाब, तुमचा तिथं संबंध नाही. परीक्षकाचं समाधान झालं की अर्ज स्वीकारला जातो आणि ट्रेडमार्क जर्नलमध्ये त्याची जाहिरात होते. स्टेटस बदलून 'ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड' होतं. इथून तुमचे चार महिने सुरू होतात. या काळात कुणी विरोध दाखल केला तर स्टेटस 'अपोज्ड' होतं. कुणीच केला नाही तर अर्ज नोंदणीकडं सरकतो.

ऑब्जेक्शन आणि अपोजिशन यांत लोकांचा फार घोळ होतो. "त्याच्या अर्जावर ऑब्जेक्शन आलंय, आता काही काळजी नाही," असं म्हणून एक जण निवांत बसले होते. समोरच्यानं उत्तर दिलं, हरकत निघाली, जाहिरात आली, आणि हे तरी निवांतच.

दुसरी गोष्ट. विरोध अर्जाला होतो, वापराला होत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आमच्याकडच्या दोन-तीन कारागिरांनी विचारलं होतं की आपण ट्रेडमार्कचा विरोध टाकू शकतो का. कुणी काही विकतंय, दाखवतंय, नक्कल करतंय, त्याला विरोध-अर्ज लागू पडत नाही. नाव किंवा चिन्ह स्वतःच्या मालकीचं करून घेण्यासाठी कुणी रजिस्ट्रीकडं गेला असेल, तरच हा रस्ता.

विरोध करायला तुमचा मार्क नोंदलेला असावा लागत नाही. कायद्यात, म्हणजे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २१ मध्ये, शब्द आहे 'कोणतीही व्यक्ती'. घरात चटणी करणारी बाई, चप्पल लाइनीतला दुकानदार, बचत गट, कारागिरांची संस्था, ग्राहक, सगळे त्यात येतात. आपलं नाव नोंदलेलं नाही म्हणून आपण काही बोलू शकत नाही, या समजुतीपायी फार लोक गप्प बसलेत.

सोमवारची सवय

जर्नल दर सोमवारी निघतं आणि आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतं. क्लासनिहाय पीडीएफ असतात. क्लास म्हणजे माल आणि सेवांचे ठरवून दिलेले गट, ते एकूण ४५ आहेत. आपल्या गावाच्या धंद्यांपुरतं सांगायचं तर मसाला, चटणी, गूळ ३० मध्ये, दूध-तूप आणि लोणचं २९ मध्ये, चपला २५ मध्ये, कोल्हापुरी साज आणि बाकीचे दागिने १४ मध्ये, पंप आणि मशिनरी ७ मध्ये, खानावळ-हॉटेल ४३ मध्ये. आपला क्लास आणि त्याला लागून असलेले एक-दोन क्लास बघायचे. फाइली जाड असतात, पण चहा पिता पिता तासाभरात चाळून होतात.

याशिवाय महिन्यातून एकदा त्याच संकेतस्थळावरच्या पब्लिक सर्चमध्ये आपलं नाव टाकून बघावं. शब्द जसाच्या तसा शोधता येतो, तसा उच्चारावरून म्हणजे 'फोनेटिक' पद्धतीनंही शोधता येतो. मराठी नावांना दुसरी पद्धतच खरी उपयोगाची, कारण आपलं एकच नाव इंग्रजी अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. यात फायदा असा की जर्नलमध्ये यायच्या आधीच अर्ज दिसतो आणि तयारीला वेळ मिळतो.

आता तारीख मोजायची. समजा जाहिरात सोमवारी, ५ जानेवारी २०२६ च्या जर्नलमध्ये आली. चार महिने ५ मे रोजी पूर्ण होतात. त्या दिवशी रात्रीपर्यंत ऑनलाइन विरोध गेला नाही तर विषय संपला. पूर्वी महिनाभर वाढवून मिळायचं, आता मिळत नाही. उशिराची फी भरून आत घुसण्याची सोयही नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी शेवटची तारीख सांगतच नाही, तीन आठवडे अलीकडची सांगतो. संकेतस्थळ अडकतं, पेमेंट मधेच लटकतं, डिजिटल सहीचं टोकन सापडत नाही. हे सगळं नेमकं शेवटच्या दिवशी होतं.

अर्ज सापडला, आता फाइल वाचा

लगेच वकिलाकडं धावू नका, अर्धा तास त्या अर्जाला द्या. अर्ज क्रमांक टाकला की बरीच माहिती उघडते. त्यातल्या तीन जागा बारकाईनं बघायच्या.

पहिली, वापराची तारीख. तिथं एक तर 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' असतं, म्हणजे वापर अजून सुरू नाही, किंवा एखादी तारीख असते. तुमची पहिली विक्री त्या तारखेच्या आधीची असेल तर तुमचं पारडं जड आहे.

दुसरी, माल किंवा सेवेचं वर्णन. कधी कधी लोक क्लासमधला सगळाच माल लिहून मोकळे होतात. विकायची असते फक्त हळद, आणि यादीत चहा, बिस्किटं, गूळ, मीठ सगळं. अशा वेळी त्याचा अर्ज पूर्ण पाडायचा आहे की तुमचा माल त्यातून वगळला तरी चालेल, हे आत्ताच मनाशी ठरवा.

तिसरी जागा म्हणजे परीक्षकाच्या हरकतीला त्यानं दिलेलं उत्तर. तेही तिथं कागदपत्रांत उघडं असतं आणि त्यात बहुतेक वेळा सोनं दडलेलं असतं. परीक्षकानं एखादा जुना मार्क समोर ठेवलेला असतो आणि यानं उत्तरात लिहिलेलं असतं की बाबा, नुसतं शेवटचं अक्षर वेगळं असलं तरी नाव वेगळंच. किंवा नेमकं उलटं. पुढं तो तुमच्यासमोर वेगळं बोलायला लागला, की त्याचंच उत्तर त्याच्यापुढं ठेवता येतं.

कारण काय लिहिणार

"हे नाव आमचं आहे" एवढं पुरत नाही. कायद्यात बसणारं कारण लागतं. नवख्यानं लक्षात ठेवावीत अशी कारणं थोडीच आहेत, पण त्यांच्यावर वेळ घालवायला हवा, कारण विरोधाच्या नोटिशीत जे लिहिलं नाही ते नंतर ओढून आणणं अवघड जातं.

सगळ्यात जास्त चालतं ते कलम ११. नाव सारखं किंवा मिळतंजुळतं, माल सारखा किंवा जवळचा, आणि त्यामुळं गिऱ्हाइकाचा घोटाळा होण्याची शक्यता. उदाहरणापुरतं एक नाव बनवू. तुमची चटणी 'उखळमाय' आणि समोरचा 'उखळमाई' टाकतोय. कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर फरक दिसतो. पण बाजारात कुणी शेजारी ठेवून बघत नाही. गिऱ्हाईक आठवणीवर येतं, दुकानदाराला तोंडानं सांगतं, आणि दुकानदार हाताला लागेल ते पाकीट देतो. सर्वोच्च न्यायालयानं 'अमृतधारा' विरुद्ध 'लक्ष्मणधारा' या १९६२ च्या निकालात हीच कसोटी लावली : साधारण बुद्धीचा माणूस, अर्धवट आठवण, आणि पूर्ण नावाचा कानावर पडणारा एकूण ठसा. ते प्रकरणही नोंदणीला विरोध करण्याचंच होतं. दोन्ही नावं घोटाळा होण्याइतकी सारखी आहेत, असं न्यायालय म्हणालं. आणि तरीही 'लक्ष्मणधारा'ची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती होऊ दिली, कारण तिथं ती बरीच वर्षं उघडपणे विकली जात होती आणि समोरचे गप्प राहिले होते. हे दुसरं वाक्य मी प्रत्येकाला वाचून दाखवतो.

क्लास वेगळा आहे म्हणून माल वेगळा ठरत नाही, हेही इथंच सांगतो. 'ग्लुकोव्हिटा' या ग्लुकोज पावडरवाल्यांनी 'ग्लुविटा' नावाच्या बिस्किटांना विरोध केला होता. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. ग्लुकोज बिस्किटांतही जातं, म्हणून लोकांना दोन्ही एकाच घरचं वाटेल, असा तो विचार. तुम्ही क्लास ३० मध्ये मटण मसाला विकता आणि समोरचा क्लास ४३ मध्ये त्याच नावाचं तांबडा-पांढरा रस्सा देणारं हॉटेल टाकतोय, तर विरोध करण्याजोगं प्रकरण आहे.

तुमचा मार्क नोंदलेला नसेल तर कलम ११(३) महत्त्वाचं. नोंदणी नसली तरी धंद्यातून मिळवलेली ओळख कायदा मानतो. ती ओळख वापरून दुसऱ्यानं आपला माल तुमचा म्हणून खपवला, तर त्याला वकील 'पासिंग ऑफ' म्हणतात. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या नावावरच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचढ आहे. छोट्या गावातल्या, नोंदणीची कधी गरजच न वाटलेल्या जुन्या दुकानांना याच्याइतका मोठा आधार दुसरा नाही.

कलम ९ वेगळ्या जातीचं आहे. तिथं भांडण तुमच्या नावाचं नसतं, ते नाव कुणाच्याच एकट्याच्या मालकीचं होता कामा नये, एवढंच म्हणणं असतं. 'झणझणीत', 'अस्सल', 'घरगुती', 'शेंगदाणा चटणी' हे शब्द सगळ्या बाजाराचे. गावाचं नावही सहसा तसंच. देवाधर्माच्या नावांबाबत 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी मागणाऱ्याचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. तिथंही दुसऱ्या व्यापाऱ्यानं विरोध केला होता, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धर्मग्रंथाचं नुसतं नाव एकाच्या मालकीचं करायला नकार दिला. अंबाबाई, ज्योतिबा अशी नावं घालून उद्या कुणी अर्ज केला तर हा निकाल हाताशी ठेवा. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीतच आहे. कलम ९(२) त्या कायद्याकडं बोट दाखवतं. ज्या मार्कचा वापर तिथं बंद आहे, त्याची नोंदणीही होत नाही.

भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच एखादं नाव राखून ठेवण्याचा, मुद्दाही याच्या शेजारचा. कोल्हापुरी चपलेचं मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे. या भागाबाहेर झालेल्या मालासाठी असं नाव घालून, लोकांची दिशाभूल होईल असा ट्रेडमार्क कुणी मागत असेल, तर १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम २५ खालीही आक्षेप घेता येतो. पण अर्जात 'कोल्हापुरी' हा शब्द दिसला म्हणून दर वेळी धावू नका. पूर्ण नावात दुसरा वेगळा शब्द असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणं त्याला नुसत्या 'कोल्हापुरी' शब्दावर हक्क मिळत नाही.

आणखी एक प्रकार आपल्याकडं फार दिसतो. जुना वितरक, नोकरी सोडून गेलेला माणूस किंवा फुटलेला भागीदार मालकाचं नाव स्वतःच्या नावावर टाकतो. इथं कलम १८ चा मुद्दा घ्यायचा, की हा मार्कचा मालकच नाही, आणि सोबत अर्ज वाईट हेतूनं केल्याचंही लिहायचं. वितरक असतानाच्या चलनावर त्याची सही सापडली तर निम्मं काम झालं.

सख्ख्या भावांच्या भांडणात मात्र हात घालायच्या आधी थांबा. आजोबांच्या नावानं चालणारं दुकान, वाटणीत नावाचा उल्लेख नाही, दोघंही तेच नाव वापरतात. विरोध-अर्जानं यातलं काही सुटत नाही. दोघांचीही फी जाते आणि नाव लटकतं. वाटणीपत्रात नावाचं काय ते लिहून घेणं जास्त शहाणपणाचं.

फॉर्म टीएम-ओ

विरोधाची नोटीस फॉर्म टीएम-ओ मध्ये जाते. २०१७ च्या नियमांप्रमाणं फी ऑनलाइन भरली तर दर क्लासला २,७०० रुपये, कागदावर ३,००० रुपये. त्याचा एक अर्ज दोन क्लासमध्ये असेल आणि तुम्हांला दोन्हींना विरोध करायचा असेल तर दुप्पट. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयाकडं असतात. समोरच्याचा अर्ज दिल्ली किंवा चेन्नईच्या कार्यालयात असला तर विरोधही त्या कार्यालयाकडंच जातो, पण ऑनलाइन भरताना तुम्हांला कोल्हापुरातून हलावं लागत नाही. डिजिटल सही लागते. एजंट किंवा वकिलामार्फत जात असाल तर त्यांना अधिकारपत्र द्यावं लागतं.

नोटिशीत त्याचा अर्ज क्रमांक, क्लास, अर्जदाराचं नाव, तुमचं नाव-पत्ता, तुमच्या मार्कची माहिती, वापर कधीपासून, आणि मग कारणं एकेक परिच्छेदात. शेवटी पडताळणी असते, कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कुठले मिळालेल्या माहितीवरून लिहिलेत ते सांगणारी, तारीख आणि गावासह. ही पडताळणी लोक घाईत विसरतात. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो.

वकिलावर खर्च करायचा की नाही? नोटीस भरण्यापुरता कागद कुणीही भरून देईल. पण विरोधाची प्रकरणं प्रत्यक्ष चालवलेल्या माणसाकडूनच तो लिहून घ्या, असं माझं ठाम मत आहे. नुसते अर्ज भरून देणारे एजंट खूप आहेत. नोटीस तीच तीच छापील वापरतात, आणि मग तुमच्या चटणीच्या नोटिशीत कुणाच्या तरी औषधाचे परिच्छेद राहून जातात.

नंतरचं कॅलेंडर

रजिस्ट्री तुमच्या नोटिशीची प्रत अर्जदाराला पाठवते. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्यानं उत्तर, म्हणजे काउंटर स्टेटमेंट, दिलं नाही तर त्याचा अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं आणि तुम्ही तिथंच जिंकता. हे पुष्कळदा घडतं. उगाच नाव अडवून ठेवायला अर्ज टाकणारा माणूस उत्तराचा खर्च करायला तयार नसतो.

त्यानं उत्तर दिलं तर ते तुमच्याकडं येतं, आणि मग चेंडू तुमच्या अंगणात. ते मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुम्ही ॲफिडेव्हिटवर, म्हणजे प्रतिज्ञापत्रावर, पुरावा द्यायचा, किंवा नोटिशीतल्या गोष्टींवरच भिस्त ठेवतो असं लेखी कळवायचं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही तर तुमचा विरोध सोडून दिल्याचं धरलं जातं. यालाही मुदतवाढ नियमांत ठेवलेली नाही. पुराव्याची प्रत तुम्हीच थेट अर्जदाराला पाठवायची, आणि पाठवल्याचं रजिस्ट्रीला लेखी कळवायचं. पोचपावती जपून ठेवा. त्यानंतर त्याच्या पुराव्याला दोन महिने, आणि त्यावर तुमच्या प्रत्युत्तराच्या पुराव्याला एक महिना.

सगळा व्यवहार ई-मेलवर होतो, आणि रजिस्ट्रीनं मेल पाठवला त्या क्षणी तो तुम्हांला मिळाला असं नियम मानतो. म्हणून फॉर्ममध्ये पोराचा कॉलेजातला, कधी न उघडला जाणारा मेल पत्ता टाकू नका. स्पॅमचा कप्पाही दर आठवड्याला बघा.

पुरावा : जुन्या बिलबुकांची पेटी

सगळ्यात जास्त काम इथं आहे, आणि माझ्या मते प्रकरण इथंच ठरतं.

नाव कधीपासून वापरता, हे बोलून सिद्ध होत नाही. नाव आणि तारीख एकाच कागदावर दिसली पाहिजे. नुसतं तुमच्या दुकानाचं बिल, ज्यावर 'चटणी १० किलो' एवढंच लिहिलंय, त्याचा मार्कसाठी फारसा उपयोग नाही. बिलावर मार्क छापलेला असेल किंवा मालाच्या वर्णनात नाव लिहिलेलं असेल तर ते कामाचं. विक्रीच्या बिलावर नाव नसेल तर लेबल छापल्याचं प्रेसचं बिल शोधा. आम्ही बिलात गिऱ्हाइकाच्या ब्रँडचं नाव लिहितो आणि जुन्या लेबलचा नमुना जॉबच्या पाकिटात ठेवतो. बऱ्याच प्रेसमध्ये असं असतं, विचारून बघा. पाउच छापायच्या सिलिंडरचं बिल असेल तर फारच चांगलं.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला, त्याआधीचे व्हॅटचे कागद लोकांनी फेकून दिलेत. असतील तर आता फेकू नका. अन्न सुरक्षेचा परवाना २०११ नंतरचाच असणार, त्यामुळं त्याआधीच्या वर्षांसाठी इतर कागद शोधावे लागतात : शॉप ॲक्ट, बँक कर्जाचा अर्ज, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, प्रदर्शनातल्या किंवा यात्रेतल्या स्टॉलची पावती, स्थानिक पेपरातली जाहिरात, दुकानाच्या पाटीचा जुना फोटो. पेपरातली जाहिरात असेल तर पूर्ण पान ठेवा, कारण तारीख पानाच्या माथ्यावर असते आणि कात्रणात ती निघून जाते. थर्मल कागदावरची बिलं पुसट होत जातात, त्यांची झेरॉक्स आजच काढा.

आमच्या भागातल्या माणसाला एक जादा काम पडतं. कागद मराठीत असतात. इंग्रजी किंवा हिंदी सोडून दुसऱ्या भाषेतल्या कागदाला साक्षांकित भाषांतर जोडावं लागतं. ढीगभर बिलं भाषांतरित करून पैसे घालवू नका. दर वर्षाची दोन-तीन चांगली, ठळक नाव असलेली बिलं निवडा आणि वर्षवार विक्रीचा तक्ता सीएच्या सहीनं जोडा.

आणि वाढवून सांगू नका. "आमच्या आजीनं १९७२ ला सुरू केलं" हे मनापासून खरं असेल. पण पहिला कागद २००३ चा असेल तर नोटिशीत तसं नीट मांडा : धंदा कधीचा, या नावाचा वापर कधीपासून, आणि कागद कधीपासूनचे. आकडा फुगवला आणि एक तारीख खोटी निघाली की खऱ्या कागदांवरही संशय बसतो. ॲफिडेव्हिट शपथेवर असतं. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाबाहेर नोटरी पाच मिनिटांत शिक्का मारून देतील, म्हणून त्यातला मजकूर पाच मिनिटांत वाचू नका.

सुनावणी

पुरावे संपले की सुनावणीची नोटीस येते, तारखेच्या निदान महिनाभर आधी. सुनावणी आता बहुतेक व्हिडिओवर होते. तारीख पुढं ढकलायची असेल तर निदान तीन दिवस आधी टीएम-एम फॉर्म भरून कारण द्यावं लागतं, आणि एका बाजूला दोनपेक्षा जास्त वेळा तारीख मिळत नाही. विरोध करणारा हजरच राहिला नाही तर विरोध फेटाळला जाऊ शकतो. लेखी युक्तिवादही देता येतो, तो जरूर द्या.

इथपर्यंत यायला काही वर्षं लागू शकतात. तेवढा काळ त्याचा मार्क नोंदला जात नाही, हा तुमचा मोठा फायदा. पण त्याचा माल बाजारात येतच राहतो, कारण विरोधानं विक्री थांबत नाही. विक्री थांबवायची असेल तर जिल्हा न्यायालयात वेगळा दावा लावावा लागतो. विरोध दाखल केला की समोरचं दुकान बंद होईल, या आशेवर कुणी राहू नये. या काळात स्वतःचाही नोंदणी अर्ज टाकून ठेवा, खऱ्या वापर-तारखेसह. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी दर क्लासला ४,५०० रुपये आहे.

निकाल पटला नाही तर तो कळल्यापासून तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. पूर्वी यासाठी वेगळं अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं.

मधल्या काळात तडजोडीचा फोन आला तर तो घ्या. समोरचा आपल्या यादीतून तुमचा माल काढून टाकायला तयार असेल, किंवा नावात ठळक बदल करणार असेल, तर विरोध मागं घेण्यात कमीपणा नाही. फक्त आधी त्याच्या अर्जातली दुरुस्ती प्रत्यक्ष नोंदवली गेल्याचं बघा, मग विरोध मागं घ्या. हा क्रम उलटा झालेला मी एकदा बघितलाय. शब्दावर विश्वास ठेवून विरोध मागं घेतला, दुरुस्ती झालीच नाही.

मुदत निघून गेली असेल तर

मावशींचं पुढं काय झालं, ते इथं येतं. नोंदणी झालेला मार्क कलम ५७ खाली रद्द करून मागता येतो, रजिस्ट्रारकडं किंवा उच्च न्यायालयात. रजिस्ट्रारकडं जायचं तर फॉर्म तोच, टीएम-ओ, आणि फीही तेवढीच. पण आता नोंदणीचं वजन त्याच्या बाजूला असतं. ते हलवण्याचं ओझं तुमच्यावर पडतं, आणि तोवर तो तुम्हांलाच नोटीस पाठवू शकतो. त्यानं तशी पाठवलीही. तेव्हा उपयोगी पडलं कलम ३४ : त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या तारखेआधीपासून, दोन्हींत जी आधीची असेल तिच्याही आधीपासून, तुम्ही नाव सलग वापरत असाल तर तो तुम्हांला अडवू शकत नाही. मावशींच्या वकिलांनी उत्तरासोबत २००८ च्या लेबलची, आमच्या प्रेसच्या बिलाची आणि त्या वर्षी चटणी नेणाऱ्या दोन दुकानदारांच्या खरेदीच्या नोंदींची प्रत जोडली. नोटीस पुढं सरकली नाही. मार्क रद्द करण्याचा अर्ज मात्र अजून चालू आहे. त्याची पुढची तारीख मावशींनी चटणीच्या डंकावर खडूनं लिहून ठेवली आहे.